स्पेनचं ब्रोशर आणि अराता इझुमी

परवा रात्री साडेनऊला आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी एक गुळगुळीत ब्रोशर घेऊन घरी आले. मुलगा नववीत आहे. संध्याकाळी कोलशेत रोडवरच्या टर्फवर खेळतो, आणि खरंच बरा खेळतो, मी गॅलरीतून बघितलंय. ब्रोशरवर हिरवंगार मैदान, मागे डोंगर, आणि मजकूर असा की स्पेनमध्ये तीन आठवड्यांचं शिबिर, शेवटी 'क्लब ट्रायल', पुढे 'प्रोफेशनल करिअर'. साडेचार लाख. पन्नास हजार आत्ता, बाकी व्हिसा झाल्यावर.

"भाऊ, तुम्ही पेपरवाले. बघून सांगा ना, यात काही दम आहे का? पीएफमधून काढायचा विचार आहे."

मी म्हटलं, रविवारपर्यंत सांगतो. सांगायला बसलो तर हे एवढं लांबलं. शिवाय ढोकाळीत आणि कापूरबावडीतही हीच ब्रोशरं फिरतायत असं कळलं, म्हणून त्यांच्या एकट्याच्या कानात सांगण्याऐवजी इथेच लिहितो. वेळ असेल तर चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट नियमाची, ती लगेच उरकतो. फिफाच्या नियमावलीत कलम १९ आहे. अठरा वर्षांखालचा खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदवता येत नाही. अपवाद मोजकेच आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपीय संघाच्या आतल्या आत सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी, सीमेलगतच्या गावांसाठी, आणि आणखी दोनचार. आपण बसत नाही अशा कुठल्याच खणात. आणि हे कलम कागदावर पडून नाही. २०१४ मध्ये बार्सिलोनावर आणि २०१६ मध्ये रिअल माद्रिद आणि ॲटलेटिको माद्रिदवर याच अल्पवयीन खेळाडूंच्या प्रकरणात नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी आली होती. मग आपल्या चौदा वर्षांच्या पोराची 'ट्रायल' घेऊन तिथला क्लब करणार काय? शिबिर असेल, चांगलंही असेल, पोरगं चार गोष्टी शिकून येईल. पण ती सहल झाली. तिला करिअर म्हणू नका.

आता मोठ्यांचं. भारतातून बाहेर जाऊन व्यावसायिक फुटबॉल खेळलेले लोक आहेत, पण ती यादी पटकन संपते. १९३६ मध्ये कलकत्त्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिककडून अनवाणी खेळला, दोन सामने. मग थेट १९९९ मध्ये बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबमध्ये. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्ससला आणि २०१२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगला गेला, आणि दोन्हीकडून लवकरच परतला. गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये त्या मानाने टिकला. आपल्या शेजारचं म्हणाल तर गोव्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या ॲटलेटिको परानेन्सकडून उतरला. ब्राझीलमध्ये जाऊन फुटबॉल खेळणारा गोंयकार, विचार करा! पण तोही त्याच वर्षी घरी आला.

शेजाऱ्यांना मला मात्र दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगायची आहे. परदेशात जाऊन करिअर करणं म्हणजे नेमकं काय, हे या सगळ्यांपेक्षा त्याच्याकडे बघून जास्त कळतं. फरक एवढाच की त्याचं परदेश म्हणजे आपण. मुंबई आणि पुणे.

अराता इझुमी. जन्म ३१ जुलै १९८२, जपानमधलं शिमोनोसेकी. आई जपानी, वडील गुजराती, आडनाव खंभोळजा. म्हणजे शाळेत वर्गातला एकटाच वेगळा दिसणारा मुलगा, असं आपण समजू शकतो. जपानमध्ये तो मित्सुबिशी मिझुशिमा या संघाकडून खेळला. हा मित्सुबिशी मोटर्सच्या कारखान्याचा संघ, वरच्या लीगमधला नव्हे. पुढे सिंगापूरला आल्बिरेक्स निगाता. हा जपानी क्लबचाच सिंगापुरातला संघ, ज्यांना मायदेशी वरच्या लीगमध्ये जागा नाही अशांना खेळायला मिळावं म्हणून जणू. आणि २००६ मध्ये कोलकात्याला ईस्ट बंगाल.

हे जरा डोळ्यासमोर आणा. आपल्याकडचा पोरगा युरोपकडे बघतो, आणि त्याच वेळी जपानमधला एक चोविशीतला पोरगा फुटबॉलचं पोट भरायला भारताकडे येतो. व्यावसायिक फुटबॉलपटूंची जगात जी मोठी फौज आहे ती अशीच आहे. टीव्हीवर दिसतात ते मूठभर. बाकीचे एका वर्षाच्या करारावर या देशातून त्या देशात जातात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि गुडघा दुखला की पुढच्या वर्षाची काळजी करतात. आपल्याच कोल्हापुरात बघा ना. तालमींच्या संघांकडून नायजेरियन पोरं खेळायला येतात, शाहू स्टेडियमवर पेठापेठांतली माणसं त्यांना नावाने हाका मारतात. ती पोरंही परदेशात करिअर करणारे फुटबॉलपटूच. त्यांच्या गावात कुणाच्या तरी घरी कधीतरी ब्रोशर आलं असेल.

कोलकात्याहून अराता मुंबईला आला, महिंद्रा युनायटेडमध्ये. मित्सुबिशीच्या गाड्यांकडून महिंद्राच्या जीपकडे! इंग्रजी पेपर महिंद्राच्या संघाला 'जीपमेन'च म्हणायचे. इथे थोडं थांबतो, कारण आपल्या भागातल्या नव्या मंडळींना हे माहीत नसतं.

मुंबईचं फुटबॉल कंपन्यांनी पोसलं. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ. पोरगं चांगलं खेळलं की नोकरी. सकाळी कार्ड पंच, दुपारी सुट्टी, कूपरेजला प्रॅक्टिस. रिटायर झाल्यावरही पगार चालू, कारण माणूस कंपनीचा. आमच्या कोलशेतला जे लोक टॉवर बघून ओळखतात त्यांना सांगायला हवं की जिथे आज क्लबहाऊस आणि पोडियम गार्डन आहे तिथे सँडोझची, म्हणजे नंतरच्या क्लॅरिअंटची, आणि बायरची आवारं होती. भोंगा व्हायचा तेव्हा खाडीपलीकडे ऐकू जायचा, असं जुने कोळी सांगतात. कंपनीत माणूस लागला म्हणजे घर लागलं. खेळाडूचंही तेच. फुटबॉल हे करिअर आहे का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं, कारण उत्तर पगाराच्या स्लिपवर असायचं.

महिंद्राचा संघ १९६२ पासूनचा. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन कप, ड्युरँड कप. ब्राझीलचा बारेटो, घानाचा युसिफ याकुबू असे लोक लाल जर्सीत खेळले. प्रशिक्षक डेरिक परेरा. अराता इथे रुळला. डावीकडून आत येणारा, फार धिप्पाड नाही, पण चेंडू नसतानाही धावत राहणारा. मी तेव्हा एका साप्ताहिकात होतो, पत्रकारितेचा डिप्लोमा करून काही वर्षं झालेली, आणि कूपरेजला दोनतीनदा गेलो होतो ते खरं तर मित्राच्या फुकट पासवर. माझ्या मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ त्याला सारखं "ए चायनीज" म्हणत होते. अर्धा तास ऐकून त्यांच्याच शेजारचा म्हणाला, "काका, जपानी आहे. आणि बाप गुजराती आहे." काका पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मग पास का देत नाही मराठीत?" याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण कूपरेज म्हटलं की तो माणूस आठवतो.

२०१० मध्ये महिंद्राने संघ बंद केला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ, एका पत्रकाने. मी त्यावर मोठा मजकूर लिहिला होता. त्या आठवड्यात पानावर जागा नव्हती, चार ओळी गेल्या. अजून खुपतं, पण असो. गंमत अशी की त्याच २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या व्यंकीजने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. महाराष्ट्रातल्या कंपनीला फुटबॉल क्लब परवडत होता. फक्त महाराष्ट्रातला नको होता.

अराता त्याआधीच, २००९ मध्ये, पुण्याला गेला होता. पिरामल कुटुंबाचा पुणे एफसी हा २००७ साली निघालेला नवा क्लब. २००९ मध्ये तो वरच्या लीगमध्ये चढला, परेरा तिकडे गेले, अराताही गेला. बालेवाडीला सामने. पहिल्याच मोसमात तिसरा नंबर, २०१२-१३ मध्ये दुसरा. क्लबची स्वतःची अकादमी होती. कागदावर बघितलं तर भारतात क्लब कसा असावा याचा नमुना.

आणि मग पासपोर्टचा विषय आला.

अराता भारतीय वंशाचा. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड असलं तरी देशाकडून खेळता येत नाही. २००८ च्या अखेरीस केंद्र सरकारने स्पष्टच केलं की राष्ट्रीय संघात फक्त भारतीय नागरिक. जपानचा कायदाही तितकाच कडक. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जपानचं गेलं. म्हणजे इकडे किंवा तिकडे. जपानच्या पासपोर्टवर व्हिसाशिवाय किती देशांत जाता येतं आणि आपल्यावर किती, हे ज्यांनी व्हिसाच्या रांगा लावल्यात त्यांना सांगायला नको. आपल्या कॉम्प्लेक्समधली निम्मी पोरं त्या उलट दिशेच्या पासपोर्टसाठी झुरतायत.

२०१२ च्या अखेरीस अराता भारतीय नागरिक झाला. भारतीय कागदांवर नाव नीलकंठ खंभोळजा. ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो भारताकडून खेळला. आपण २-४ हरलो. त्याचं वय तीस पूर्ण. विंगवर धावणाऱ्या माणसाच्या हिशेबाने संध्याकाळ सुरू झालेली.

यात व्यावहारिक फायदाही होता, ते लपवायला नको. परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असते. तो भारतीय झाल्यावर क्लबची एक जागा मोकळी झाली आणि त्याचा स्वतःचा भावही वाढला. २०१५ च्या आयएसएल लिलावात ॲटलेटिको दी कोलकाताने त्याला अडुसष्ट लाखांना घेतलं. पण फायद्याचंच गणित असतं तर ते जपानी पासपोर्ट ठेवूनही जुळलं असतं. सहासात वर्षं एका देशात खेळून, तिथलीच जर्सी घालावी असं वाटणं, ही मला साधी माणसाची इच्छा वाटते. वडिलांचं गाव त्यात किती आणि फुटबॉल किती, ते त्यालाच ठाऊक.

मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसाने देश बदलला, तो ज्यांच्यासाठी खेळत होता त्यांनी काय केलं?

पुणे एफसी २०१४-१५ च्या मोसमानंतर वरच्या फुटबॉलमधून गेला. त्याच मोसमात पुण्यात भारत एफसी नावाचा दुसरा क्लब आला होता, कल्याणी समूहाचा. एक वर्ष खेळला, बंद. मग डीएसके शिवाजीयन्स. दोन मोसम, बंद. एफसी पुणे सिटी, वाधवान समूहाचा, आयएसएलमधला. अराता २०१६ मध्ये तिथेही खेळला. २०१९ मध्ये बंद. लीगमधली ती जागा हैदराबादला गेली, आणि हैदराबादचा क्लब २०२५ मध्ये दिल्लीला. इकडे मुंबईत एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांमुळे लीगबाहेर, मुंबई एफसी २०१७ मध्ये खाली घसरली आणि संपली. जीपवाल्यांचं वर आलंच आहे. अराता महाराष्ट्रातल्या क्लबांकडून खेळला. महिंद्रा युनायटेड, पुणे एफसी, एफसी पुणे सिटी. आज तिन्ही नाहीत. त्याने कधी जुनी जर्सी घालून जुन्या मैदानाबाहेर उभं राहायचं ठरवलं तर ओळखणारा वॉचमन तरी उरला असेल का, कोण जाणे.

क्लब काय, तिकडेही मरतात. बायचुंगचा बरी क्लब २०१९ मध्ये देण्यांपायी इंग्लिश लीगमधून हाकलला गेला, आणि गावातल्या लोकांनी तो पुन्हा खालून उभा केला. अराताच्या जपानचं उदाहरण तर आपण मुद्दाम बघायला हवं. तिथलं फुटबॉलही मुंबईसारखंच कंपन्यांचं होतं. १९९३ मध्ये जे-लीग सुरू करताना त्यांनी अट घातली की क्लबच्या नावात कंपनीचं नाव चालणार नाही, गावाचं हवं, आणि लहान मुलांचे स्वतःचे संघ हवेत. मित्सुबिशीचा संघ झाला उरावा रेड्स. निस्सानचा योकोहामा मारिनोस. माझदाचा हिरोशिमा. सुमितोमो मेटलचा काशिमा, जिथे झिको खेळला, तोच झिको जो पुढे एफसी गोवाचा प्रशिक्षक म्हणून आला. दहा क्लबांनी सुरुवात केली, आता तीन स्तरांवर साठ आहेत. १९९८ च्या अखेरीस योकोहामा फ्लुगेल्स हा क्लब पैसे देणारे मागे फिरले म्हणून शेजारच्या क्लबमध्ये विलीन करायचं ठरलं. पाठीराख्यांनी वर्गणी काढून नवा क्लब काढला. योकोहामा एफसी. २००७ मध्ये तो पहिल्या श्रेणीत खेळत होता.

आपल्याकडे पुण्यात एवढे क्लब बंद झाले, एक मोर्चा निघाला नाही. मीही नाही निघालो, दुसऱ्यांना काय सांगू.

कारण माझ्या मते सोपं आहे. तो क्लब आपला कधी नव्हताच. आधी कंपनीचा होता, मग समूहाचा, मग फ्रँचायझीचा. मालकाला परवडेनासं झालं की शटर. कोल्हापूरच्या तालमीला शटर नाही, कारण ती पेठेची आहे. फाटकी जर्सी घालून खेळतील पण संघ उतरवतील. फक्त तिथे व्यावसायिक करार नाही, पेन्शन नाही, आणि कोल्हापूरचा पोरगा चांगला निघाला की त्याला जिल्ह्याबाहेरच पडावं लागतं.

२०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलही थांबवून ठेवली गेली, संघटना आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला म्हणून. देशाकडून खेळलेले लोक "आम्हाला खेळू द्या" म्हणून जाहीर आवाहन करत होते. आणि त्याच वर्षी बंगळुरूकडून खेळणाऱ्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मुंबईत जन्मलेली, आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. म्हणजे अरातानंतर बारातेरा वर्षांनी पुन्हा एक माणूस आपल्या दारात आला, आणि दारामागच्या घराचा पत्ता नव्हता.

अराता पुढे केरळ ब्लास्टर्सकडूनही खेळला. बूट उतरवल्यावर जपानला निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो नवी मुंबईत प्रशिक्षक झाला. रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स अकादमी, घणसोलीला. देशभरातून निवडलेली पोरं तिथे राहतात, शिकतात, खेळतात, सगळं शिष्यवृत्तीवर. कोलशेतहून निघालं तर कापूरबावडी, कळव्याचा पूल, आणि ठाणे-बेलापूर रस्ता धरायचा. ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास. ट्रॅफिक नसेल तर, असं मी म्हटलंय.

आज सकाळी शेजाऱ्यांना हे सगळं तोंडी सांगितलं, जिन्यातच. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "मग पन्नास हजार भरू नको ना?" मी म्हटलं, ते पैसे ठेवा. पोराला अठरा होऊ द्या, तोपर्यंत इथल्या चांगल्या अकादमीची निवड चाचणी, जिल्ह्याचा संघ, शाळेचा संघ, जे मिळेल ते खेळू द्या, आणि दहावी सोडू देऊ नका.

दुसरा प्रश्न त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलाने विचारला. हातात चेंडू, पायात मोजे खाली आलेले.

"काका, त्यांनी जपानचा पासपोर्ट परत मागितला तर मिळेल?"

मी म्हटलं, बघून सांगतो. तो खाली टर्फकडे पळाला, कारण सातचा स्लॉट त्यांच्या ग्रुपने बुक केला होता आणि तासाचे पैसे पोरांनी वर्गणी काढून भरले होते.